झेबेच्या बरगड्या

परीक्षक बाईंनी झेबेच्या पाठीवरून हात फिरवला, तो कुशीवर आणला, बोटं जरा दाबली, मग आणखी दाबली, आणि शेवटी मान वर करून रौशनला विचारलं, "हिला बरगड्या आहेत का?"

"असतील की," रौशन म्हणाली. "सगळ्यांनाच असतात."

तिला टोमणा मारायचा नव्हता. प्रश्न आला, तिनं उत्तर दिलं. पण दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माणसांत हशा पिकला, आणि आपलं काहीतरी कौतुक चाललंय असं समजून झेबेनं शेपूट हलवली.

परीक्षक बाई, दीना एर्मेकोव्ना, हसल्या नाहीत. अल्माटीच्या त्या मैदानावर सकाळपासून उन्हात उभं राहून त्या एकामागून एक ताझी कुत्री तपासत होत्या, आणि पायातले बूट त्यांना चावत असावेत. "बाई," त्या म्हणाल्या, "ताझी म्हणजे माळावर सशामागे सुटणारं कुत्रं. त्याच्या मागच्या बरगड्या लांबून मोजता आल्या पाहिजेत. पोट आत ओढलेलं, कंबर मुठीत मावेल अशी हवी. तुम्ही मला मेंढी आणून दाखवताय."

"मेंढी नाही हो, झेबे आहे ती," रौशन म्हणाली.

झेबे म्हणजे बाण. पुन्हा हशा.

"डोकं सुरेख आहे हिचं," दीना एर्मेकोव्ना म्हणाल्या. "पाय, छाती, सगळं घराण्याला शोभेल असं. पण या वजनात मी हिला कुठलीच श्रेणी देणार नाही. एकदा जीव तोडून धावली तर घोट्यातून जाईल. हृदयावर ताण येतो तो वेगळाच. आणि एवढ्या चरबीत पिल्लं धरणंही कठीण. पानगळीच्या दिवसांत पुन्हा प्रदर्शन आहे, तेव्हा आणा. तेव्हाही अशीच असेल, तर उगाच पेट्रोल जाळू नका."

रौशननं मान डोलावली आणि झेबेला घेऊन दोरीखालून बाहेर आली. तिचं वय अठ्ठावन्न होतं. एवढ्या आयुष्यात तिला कुणी कुठून बाहेर काढलं नव्हतं.

मुळात कुत्री तिची नव्हतीच, तिच्या नवऱ्याची होती. मुखित कालव्याचं पाणी सोडण्याच्या कामावर होता, म्हणजे पगार कालव्याचा आणि जीव कुत्र्यांत. त्याच्या वडिलांनी पाळलेल्या ताझींचा वंश त्यानं जपला होता, आणि त्यातली आता एकटी झेबे उरली होती. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात पोटाच्या दुखण्यानं मुखित गेला. झेबे फाटकाशी जाऊन बसली ती उठेना. दुसरं काय करावं ते न सुचून रौशननं तिच्यापुढे जेवण ठेवलं.

जेवण ठेवणं हेच तिला येत होतं. कोक्तेरेक गावच्या शाळेची खानावळ तिनं सारा जन्म चालवली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुलांची वजनं व्हायची, आणि आकडे वर गेले की मुख्याध्यापक तिला सगळ्यांसमोर फुलं द्यायचे. तिच्या हातचं खाऊन बारीक राहिलेलं मूल गावात नव्हतं. एक होतं, पण त्याला जंत निघाले.

प्रदर्शनाचा आग्रह तोख्तारचा. तोख्तार मुखितचा चुलतभाऊ आणि शिकारीतला सोबती, दोन घरं पलीकडे राहायचा. रौशन लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डीत होता आणि तिच्याच खानावळीत जेवून मोठा झाला. त्यानंच सांगितलं, की पिल्लांची नावं वंशावळीत लागायची तर आईला प्रदर्शनात श्रेणी मिळालेली पाहिजे, नाहीतर मुखितच्या वडिलांपासूनचं सगळं झेबेपाशीच संपलं. म्हणून ती अल्माटीला आली होती. आता तोख्तारच्याच गाडीतून परत निघाली होती. मागच्या सीटवर झेबे आडवी पसरून घोरत होती.

शेलेक गाव मागे पडल्यावर तोख्तारनं घसा साफ केला.

"वहिनी, एक विचारू? हिला घालता काय तुम्ही?"

"आपण खातो तेच."

"म्हणजे काय?"

"मांस, शेवया, रस्सा. सकाळी दूध. तळलेले बाउरसाक, पिठाचे गोळे, मऊ करून. दुपारी—"

"दुपारी पण?"

"तू दुपारी जेवत नाहीस?"

"मी प्रदर्शनात उभा राहत नाही, वहिनी."

"राहिलास तर तुलाही बाहेर काढतील," रौशन म्हणाली. तोख्तारनं पोट जरा आत घेतलं आणि घर येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

घरी बाल्झान आपा वाट पाहत होत्या. मुखितची आई. वय चौऱ्याऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले, कान मात्र गरजेपेक्षा जास्त शाबूत.

"काय म्हणाली ती शहरातली?"

"जाड आहे म्हणाली."

"कोण?"

"झेबे, आपा."

"आणि ती स्वतः कशी होती?"

"बारीक."

"मग बरोबर," आपा म्हणाल्या. "हेवा, दुसरं काय." आणि त्यांनी विषय संपवला.

रौशनच्या दृष्टीनं विषय संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती आणि तोख्तार झेबेला घेऊन काइर्झानच्या दुकानात गेली, कारण पिठाची पोती तोलायचा मोठा काटा तिथेच होता. झेबे काट्यावर उभी राहीना. तोख्तार उचलायला गेला तर तिनं त्याला दात दाखवले. शेवटी रौशनच तिला कवेत घेऊन काट्यावर चढली. मग कुत्रीला खाली ठेवून एकटी उभी राहिली, वजाबाकीसाठी. काइर्झानला एक सवय होती. आकडा दिसला की आतल्या खोलीतल्या बायकोला ओरडून सांगायचा.

"रौशन ताई, अठ्ठ्याऐंशी!"

दुकानात साखर घ्यायला आलेल्या दोन बायका साखरेकडे बघू लागल्या.

"कुत्री एकतीस!"

"ताझी मादीला बावीस म्हणजे डोक्यावरून पाणी," तोख्तार म्हणाला. "वहिनी, ही दीड कुत्री आहे."

रौशननं त्याच दिवशी झेबेचं जेवण अर्ध्यावर आणलं. दूध बंद, शेवया बंद, बाउरसाकचं तर नावच नाही. सकाळी मूठभर पातळ लापशी आणि संध्याकाळी बिनचरबीचं उकडलेलं मांस, बस्स. झेबे आपल्या भांड्याकडे बघायची, मग रौशनकडे बघायची. रौशन आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. खानावळीत इतकी वर्षं तिनं कुणाला "आता पुरे" म्हटलं नव्हतं. ते शब्द तिच्या तोंडात बसत नव्हते.

महिन्यानं पुन्हा काइर्झानचा काटा. झेबे साडेबत्तीस.

या खेपेला काइर्झाननं रौशनचा आकडा मोठ्या समजूतदारपणे कुजबुजत सांगितला. तो चांगला उतरला होता. काळजीनं तिचंच जेवण जाईना झालं होतं. हा आकडा ओरडला असता तर तिची हरकत नव्हती.

"वहिनी, खरं सांगा," दुकानाबाहेर येऊन तोख्तार म्हणाला.

"काय खरं सांगू?"

"तुमच्या हाताला सवय आहे. झोपेत वाढत असाल."

"तोख्तार, माझ्या हातचं तुझ्या पोटात किती गेलंय ते आधी परत दे, मग बोल."

"मी कुत्रीबद्दल बोलतोय."

"मीही कुत्र्याबद्दलच बोलतेय," रौशन म्हणाली, आणि झेबेला घेऊन चालू पडली.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. म्हणजे तोख्तार रोज कुंपणाशी यायचा, पण बोलायचा झेबेशी. "झेबे, तुझ्या मालकिणीला सांग, अशानं मुखितदादाचा वंश बुडेल." रौशन चुलीपाशी वाकून म्हणायची, "झेबे, त्याला सांग, तोंड उघडं ठेवलं की माशी जाते." झेबे दोघांकडे आळीपाळीनं बघायची आणि शेवटी आडवी व्हायची.

रौशननं आळीत चौकशी केली. प्रत्येकीनं शपथ घेतली. शपथ घेऊन झाल्यावर शेजारच्या झामालनं सांगितलं, की परवा एक हाडूक दिलं होतं, पण ते रिकामंच होतं. म्हणजे जवळजवळ रिकामं. रौशन तिला काहीबाही बोलली आणि घरी येऊन त्याचं वाईट वाटून घेत बसली. एका हाडकानं कुत्री दीड किलो वाढत नाही, हे तिलाही कळत होतं.

असं चालू असताना जुलैतल्या एका सकाळी ती झेबेला घेऊन कालव्यापलीकडच्या कलिंगडाच्या मळ्यात गेली होती. ऊन चढू लागलं होतं. वेलांतून एकाएकी ससा उठला. झेबेनं दोन वर्षांत ससा पाहिला नव्हता, पण पाहिल्याबरोबर सुटली. रौशननं तिला असं धावताना खूप दिवसांनी पाहिलं. पहिले काही क्षण ती खरंच बाणासारखी गेली, आणि रौशन तोंडावर हात ठेवून बघत राहिली. ससा ओढ्याकडे वळला, झेबे वळली, पण तिचं मागचं अंग तिच्या मागोमाग वळलं नाही. ती कोलमडली, उठली, पुन्हा चार ढांगा टाकल्या आणि बसली.

रौशन धापा टाकत पोचली तेव्हा झेबे कुशीवर पडली होती. जीभ बाहेर, जांभळट पडलेली. पोट भात्यासारखं चाललं होतं. पुढच्या पायाला हात लावला की कळवळत होती. रौशननं डोक्याचा रुमाल सोडला, कालव्यात बुचकळून तिच्या मानेवर आणि पोटावर ठेवला, वाळला की पुन्हा भिजवला. "मरू नकोस," ती म्हणत होती. "तूही मरू नकोस गं." मग तिनं हाक मारली. झेबेमार्फत नाही, सरळ. "तोख्ताऽऽर!"

तोख्तार शेजारच्याच शेतात पाणी देत होता. तो फावडं टाकून धावत आला आणि त्यानं झेबेला उचललं. या वेळी तिनं दात दाखवले नाहीत.

चोंझी गावातला जनावरांचा डॉक्टर तरुण होता आणि झोपेतून उठल्यासारखा दिसत होता. पाय मुरगळलाय, मोडलेला नाही, म्हणाला. हृदय अजून टिकून आहे. बराच वेळ त्यानं कानाला नळ्या लावून ऐकलं. "पण हे वजन राहिलं तर पुढच्या वेळी माझ्याकडे आणायची वेळ येणार नाही. खायला कोण घालतं?"

"मी. सकाळी मूठभर, संध्याकाळी एवढंसं."

"आणखी कोण?"

"कुणीच नाही."

"मग हा चमत्कार आहे," डॉक्टर म्हणाला आणि पायाला पट्टी बांधू लागला. "मी गुरांचा डॉक्टर. चमत्कारांचं मला कळत नाही."

पट्टी बांधल्यामुळे झेबेला फिरणं बंद झालं. ती दिवसभर घराच्या मागच्या बाजूला सावलीत पडून राहायची. तिथेच आपांच्या खोलीची खिडकी होती. डॉक्टरकडून आल्यावर दोन-तीन दिवसांनी दुपारी रौशन मागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. चादरीआडून तिला दिसलं, की खिडकीतून एक हात बाहेर आला. सुरकुतलेला, चांदीचं कडं घातलेला. बोटांत मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा उकडलेला तुकडा होता, पांढराशुभ्र, चांगला जाड. हात खाली गेला. झेबेनं मान उचलण्याची तसदीसुद्धा घेतली नाही, नुसतं तोंड उघडलं. हात खिडकीच्या आत गेला आणि आणखी एक तुकडा घेऊन बाहेर आला.

आपांना हातभर अंतरावरचा पेला दिसायचा नाही. पण झेबेचं तोंड कुठे आहे हे त्या हाताला नेमकं ठाऊक होतं.

शेपटीची चरबी म्हणजे व्याह्यांना मानानं भरवायची वस्तू. झेबेनं दोन वर्षांत जेवढी खाल्ली तेवढी गावातल्या एकाही जावयाच्या वाट्याला आली नसेल. रौशनला आठवलं, मेंढी कापली की दर वेळी ती आपांना चरबी वेगळी काढून द्यायची, दात नाहीत, मऊ लागते म्हणून. आपा म्हणायच्या, ठेव, सावकाश खाईन.

ती आत गेली. आपा खिडकीशी बसून रुमालाला बोटं पुसत होत्या.

"पाहिलंस वाटतं," त्या म्हणाल्या. "पावलं जड आहेत तुझी."

"आपा, डॉक्टर काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"मरेल ती अशानं."

"खाऊन कुणी मरत नाही," आपा म्हणाल्या. "मी न खाऊन मेलेले पाहिलेत. लढाईच्या वर्षांत आमच्या घरात मोजायला दुसरं काही नव्हतं, एकमेकांच्या बरगड्या होत्या. धाकट्या भावाच्या मी मोजायचे, खेळ म्हणून. त्याला गुदगुल्या व्हायच्या. मग व्हायच्या बंद झाल्या." त्यांनी रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "आणि मग मुखित. शेवटी शेवटी मी त्याची पाठ चोळून द्यायचे. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बरंच होतं, पण हाताला कळतंच ना. आता तुम्ही म्हणता, या घरातल्या कुत्रीच्याही बरगड्या दिसल्या पाहिजेत. मी जिवंत असेपर्यंत नाही दिसणार."

रौशन खाली बसली. ती पाठ तिनंही पुसली होती, सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्यानं. उठून तिनं चहा केला, आणि आपांच्या चहात दूध नेहमीपेक्षा जास्तच पडलं. दोघींनी तो प्यायला. बाहेर झेबे झोपेत सुस्कारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रौशननं आपांचा हात धरला आणि म्हणाली, "चला, तोख्तारकडे जाऊ."

"कशाला?"

"चला तर."

मुखितच्या वर्षाच्या दुव्यानंतर आपा अंगणाबाहेर पडल्या नव्हत्या. तोख्तारनं त्यांना येताना पाहिलं आणि घाईघाईनं सदऱ्याची बटणं लावली. त्याचा ताझी लाचिन खुंट्याशी उभा होता. रौशननं आपांना त्याच्यापाशी नेलं.

"आपा, हात लावून सांगा. हा उपाशी आहे का?"

आपांनी हात फिरवला. बरगड्या लागल्या तसा तो झटक्यानं मागे घेतला. मग पुन्हा ठेवला. "आहेत," त्या म्हणाल्या. "पण यांच्यावर हे काय आहे?"

"मांस," तोख्तार म्हणाला. "धावून धावून बसलेलं."

आपांनी पाठ दाबली, मांडी दाबली. "दगड आहे."

"दगडच."

मग त्यांनी लाचिनच्या मानेची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडून दिली. पुन्हा उचलली, सोडली. "उपाशी माणसाची अशी उचलली की तशीच उभी राहते," त्या म्हणाल्या. "याची परत जाते." लाचिननं त्यांच्या बाहीत नाक खुपसलं आणि जोरजोरात हुंगू लागला. "मग हा मागतोय का?"

"लबाड आहे तो, आपा. आत्ताच जेवलाय."

घरी येऊन आपा झेबेपाशी वाकल्या आणि तिच्या कुशीत बोटं रुतवली. बराच वेळ चाचपत राहिल्या. "ही तर गादी आहे," शेवटी त्या म्हणाल्या, जणू ती गादी दुसऱ्याच कुणी भरली होती. "रौशन, आजपासून हिचं खाणं माझ्याकडे. तू शिजव, पण घालीन मी. दुसऱ्या कुणी एक घास घातला तर माझ्याशी गाठ आहे."

रौशन म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून घरात मोठी कडक राजवट सुरू झाली. आपा झेबेचं मांस स्वतः चाचपून घ्यायच्या आणि चरबीचा कण लागला तरी परत करायच्या. रोज सकाळी तिच्या कुशीवरून हात फिरवून निकाल द्यायच्या: "अजून गादी." "गोधडी." झामाल रिकामं हाडूक घेऊन आली, तिला तशीच परत पाठवली. एकदा रौशन बाउरसाक तळत होती. झेबे दारात बसून नुसतं बघत होती, आणि रौशनचा हात जरासा घसरला.

"मी ऐकलं!" आतून आवाज आला.

"मीच खाल्लं, आपा."

"तू आवाज न करता खातेस. छत्तीस वर्षं ऐकतेय."

खाणं ताळ्यावर आलं, पण तोख्तार म्हणाला, नुसतं कमी खाऊन कुत्री वाळेल, ताझी होणार नाही. पाय बरा झाला की पळवायला हवी. आधी चालत, मग दुडक्या चालीनं, मग मोकळी. पहिले काही आठवडे रौशन तिच्याबरोबर कालव्याकाठानं पायीच गेली. पुढे झेबे तिला मागे टाकू लागली. मुखित आपल्या जुन्या निवा गाडीतून कुत्र्यांना शेजारी पळवायचा. गाडी गोठ्यात पडून होती, तिच्यात कोंबड्या बसत होत्या.

"शिकवतो," तोख्तार म्हणाला.

"या वयात?"

"गाडीचं वय तुमच्याहून जास्त वाटतंय, वहिनी. ती काही बोलते का?"

गाडी बोलायची, पुष्कळ बोलायची. पहिल्या दिवशी ती तीनदा उड्या मारून बंद पडली. चौथ्या खेपेला कुंपणाच्या दोन फळ्या गेल्या.

"क्लच हळू सोडा. हळू. हळू म्हटलं ना!"

"तू ओरडलास की माझा पाय उडतो."

"मी ओरडत नाहीये, मी अल्लाचं नाव घेतोय."

ऑगस्ट संपता संपता गावाला रोज पहाटे एक दृश्य दिसू लागलं. माळावरच्या कच्च्या रस्त्यानं निवा चालली आहे, चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून रौशन ताठ बसली आहे, आणि शेजारून झेबे धावते आहे. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेल्याचं कुणी कधी पाहिलं नाही, पण पुढे पुढे झेबेला तिच्यासाठी थांबावं लागायचं. सप्टेंबरात एका सकाळी आपांनी कुशीवरून हात फिरवला, परत फिरवला, आणि मोजू लागल्या. मोजून झाल्यावर मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. "परत जाते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्या दिवशी निकाल काही सांगितला नाही. ओट्यावर बसून बराच वेळ झेबेच्या पाठीवर हात ठेवून राहिल्या.

ऑक्टोबरच्या प्रदर्शनाला आपाही आल्या. पाठीला तीन उशा लावून त्यांना अल्माटीपर्यंत नेलं. दोरीलगत खुर्ची मांडून बसवलं. रिंगणात कुत्र्याबरोबर मालकालाही पळावं लागतं. रौशन पळाली. अर्ध्या फेरीत तिचा रुमाल सुटला. तिनं तो उचलायला थांबू नये म्हणून तोख्तार बाहेरून हातवारे करत होता, आणि ते हातवारे बघताना ती जवळजवळ दुसऱ्याच्या कुत्र्यावर पडली. झेबे मात्र पाय जमिनीला लागत नसल्यासारखी चालली होती.

दीना एर्मेकोव्नांनी पाठीवरून हात फिरवला, कुशीवर आणला, आणि दाबला नाही.

"हीच का ती?"

"हीच."

"काय केलंत?"

"मी काही नाही केलं. आपांनी केलं."

दीना एर्मेकोव्नांनी झेबेला दोनदा चालवून पाहिलं, दात पाहिले, कान पाहिले. मग सर्वांसमक्ष सांगितलं, "श्रेणी, अत्युत्तम." त्याच्यावरची एक श्रेणी असते, सर्वोत्कृष्ट, ती दिली नाही. शेपटीच्या टोकाचं गोल वळलेलं कडं हवं तेवढं घट्ट नाही म्हणाल्या. पण वंशावळीत नाव लागायला अत्युत्तम पुरेशी होती. तोख्तारनं टोपी हवेत उडवली, ती शेजारच्या रिंगणात पडली.

"काय म्हणते?" आपांनी विचारलं.

"अत्युत्तम, आपा! पण शेपटी जरा सैल आहे म्हणते."

"आता शेपटीला काय खाऊ घालायचं?" आपा म्हणाल्या. "बोलव तिला इकडे."

परीक्षक बाई आल्या. आपांनी त्यांचा हात हातात घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत चाचपून पाहिला. "सकाळपासून उभी आहेस ना," त्या म्हणाल्या. "कुणी काही खायला दिलं का?" दीना एर्मेकोव्ना म्हणाल्या, वेळच मिळाला नाही. आपांनी खिशातून सुक्या दह्याचे दोन खारे गोळे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. एवढ्या लोकांसमोर परीक्षकानं स्पर्धकाकडून काही घ्यावं की नाही, याचा दीना एर्मेकोव्नांनी क्षणभर विचार केला. मग एक गोळा तोंडात टाकला आणि गालात धरून पुढचं कुत्रं तपासायला गेल्या.

पिल्लं वसंतात धरायची असं ठरलं. लाचिनशीच. त्यावरून तोख्तार रौशनला आता "विहीणबाई" म्हणू लागला आणि एकदा लाटणं खाता खाता वाचला.

बर्फ पडलं तरी रौशननं पहाटेचं जाणं सोडलं नाही. गावाबाहेर टेकाडावर कबरस्तान आहे, आणि रस्ता त्याच्या भिंतीला लागून जातो. गाडी चालवायला लागल्यापासून ती रोज तिथे थांबायची, खाली उतरून हात पसरून मुखितसाठी दुवा मागायची, डोळे पुसायची आणि मग पुढे जायची. झेबे तेवढा वेळ चाकापाशी बसून राहायची. डिसेंबरात एका सकाळी टेकाडाच्या जरा अलीकडे कोल्हा उठला, तांबडा, शेपूट केवढी तरी. झेबे सुटली. रौशननं काय केलं ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही. पण गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली. बर्फ उडवत, टेकाडाला वळसा घालून, ओढ्यापर्यंत. ओढ्याशी कोल्हा बिळात गेला आणि झेबे हिरमुसून परत आली, तोंडातून वाफा सोडत. रौशन गाडीतून उतरून उगाचच हसत होती. ओढ्याकडून दुसरी वाट घरी जाते, त्या वाटेनं ती परत आली.

संध्याकाळी पीठ मळताना तिचे हात एकदम थांबले.

"आपा," ती म्हणाली, "आज मी मुखितपाशी थांबले नाही. कबरस्तानावरून गेले आणि लक्षातच राहिलं नाही."

आपा चुलीशी शेकत बसल्या होत्या. "का?"

"झेबे कोल्ह्यामागे लागली होती."

"मग तो तरी कुठे थांबला असता," आपा म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "धरला का?"

"नाही. बिळात गेला."

"कुठल्या बाजूच्या?"

"ओढ्याच्या."

"तिथे दोन तोंडं आहेत बिळाला. तोख्तारला सांग, उद्या दुसऱ्या तोंडाशी उभा राहा म्हणावं," आपा म्हणाल्या. "आणि चहा टाक."